क्वाड-कोर ओव्हरक्लॉक करताय? चिप, कूलर आणि मे महिन्याचा हिशेब

जुलै २००७मध्ये इंटेलने कोअर २ क्वाड क्यू६६०० या प्रोसेसरची किंमत थेट २६६ डॉलरवर आणली. त्याच वर्षी जानेवारीत तो ८५१ डॉलरला बाजारात आला होता. सहा महिन्यांत किंमत एक तृतीयांशाहूनही खाली. चार कोरचा (क्वाड-कोर), म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग असलेला प्रोसेसर सामान्य घरातल्या टेबलावर आला तो तेव्हा, आणि त्यासोबत ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चिप चालवण्याचं, वेडही पसरलं. २.४ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर लोकांनी ३.०, ३.२, अगदी ३.६ गिगाहर्ट्झवर चालवला. पुढची दहा वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०१७मध्ये सहा कोरचा आय७-८७००के येईपर्यंत, इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप मालिकेतला सर्वांत वरचा प्रोसेसर चार कोरचाच होता. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुन्या बाजारात ओव्हरक्लॉक करण्याजोगं जे काही आज स्वस्तात मिळतं, त्यात क्वाड-कोरच जास्त.

नव्याने या नादाला लागलेला प्रत्येक जण एकच विचारतो: "हा किती गिगाहर्ट्झपर्यंत जातो?" माझ्या मते प्रश्नच अर्धवट आहे. किती व्होल्टला किती गिगाहर्ट्झ, आणि त्यातून निघणारी उष्णता तुमच्या खोलीत, ऐन मे महिन्यात, बाहेर पडणार कशी, इतकं सगळं एका दमात विचारलं तरच उत्तराला अर्थ. परदेशातल्या बहुतेक चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे ते आकडे जसेच्या तसे उचलले तर फसगत ठरलेली.

वेग वाढवतो म्हणजे काय करतो

प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर असतात, म्हणजे चालू-बंद होणारे अतिसूक्ष्म स्विच. क्यू६६००मध्ये ते ५८ कोटींच्या वर आहेत. हे सगळे स्विच एका ठोक्यावर चालतात. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. हलगीवर लेझीम खेळणारं पथक डोळ्यांपुढे आणा. पुढचा ठोका पडायच्या आत प्रत्येकाचं पाऊल पुरं व्हायला हवं. ठोके जलद केले की आधी सगळ्यात मंद गडी चुकतो, आणि तो एकटा चुकला तरी रांग विस्कटते. चिपच्या आतही असंच आहे. काही विद्युत-वाटा आखूड असतात, काही लांब. सर्वांत लांब वाटेवरचा संकेत ठोक्याच्या आत पोहोचला नाही की बेरीज चुकते, आणि मग निळा पडदा येतो किंवा कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. कधी कधी तर काहीच होत नाही, फक्त फाइल गुपचूप खराब होते. हा तिसरा प्रकार सर्वांत वाईट.

चार कोर असले की अडचण वाढते, कारण चौघांतला सर्वांत मंद कोर सगळ्यांची मर्यादा ठरवतो. त्याच पिढीतला दोन कोरचा प्रोसेसर सहसा जास्त वर जातो, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण उष्णता.

मंद स्विचला जलद करायचा उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. दाब वाढला की स्विच लवकर पालटतो. पण या उपायाची किंमत चढत्या दराने द्यावी लागते. स्विचिंगमुळे निघणारी उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. सूत्र एवढंच आहे, पण आकडे घालून बघितल्याशिवाय ते अंगावर येत नाही. म्हणून घालू.

क्यू६६००ची नंतर आलेली आवृत्ती ९५ वॉटची. हा आकडा म्हणजे कूलर (प्रोसेसरवर बसणारा पंखा आणि धातूच्या पात्या) किती उष्णतेसाठी बनवावा याचा कंपनीने दिलेला निर्देश, मोजलेला खप नव्हे. पण तुलनेला चालतो. समजा तुमच्या चिपला २.४ गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्ट लागतात. व्होल्टेज न वाढवता ३.० गिगाहर्ट्झ मिळाला, तर वेग २५ टक्के वाढला आणि उष्णताही २५ टक्केच वाढली: ११९ वॉट. बरोबरीचा सौदा. आता ३.२साठी १.३२५ व्होल्ट द्यावे लागले असं धरा. वेग एक तृतीयांश वाढला, उष्णता मात्र दीडपट, साधारण १४२ वॉट. आणि ३.६साठी १.४५ व्होल्ट लागले तर वेग दीडपट होतो आणि उष्णता दुप्पट, १९२ वॉट. ३.२ ते ३.६ या शेवटच्या टप्प्यात साडेबारा टक्के वेग मिळाला आणि त्यासाठी ५० वॉट जादा जाळले.

शिवाय या हिशेबात गळती धरलेलीच नाही. बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह झिरपत असतो, आणि चिप जितकी तापेल तितकी ही गळती वाढते. गळती वाढली की चिप आणखी तापते. म्हणजे खरा आकडा वरच्यापेक्षाही चढा निघतो. चिप थंड राहिली की स्विचही जरा लवकर पालटतात, म्हणून चांगला कूलर लावल्यावर कधी कधी त्याच वेगाला कमी व्होल्टेज पुरतं.

प्रत्येक चिपला असं एक वळण असतं. त्याच्या अलीकडे वेग जवळपास फुकट मिळतो, पलीकडे प्रत्येक शंभर मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज भराभर चढवावं लागतं. निवड आणि कूलिंग या दोन्हींचा उद्देश ते वळण शोधून तिथे टिकून राहणं हा आहे. विक्रम करायचे असतील तर द्रवरूप नायट्रोजन ओतणाऱ्यांची दुनिया वेगळी. रोज वापरायच्या मशीनशी तिचा संबंध नाही.

चिप निवडताना

एकाच नावाच्या दोन चिप सारख्या नसतात. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर कापलेल्या तुकड्यांतही फरक पडतो, आणि कंपनी त्यांची प्रतवारी करून वेगवेगळ्या नावांनी विकते. म्हणून "माझ्या मित्राचा ३.८ला चालतो" याला फारसा अर्थ नाही. पण काही गोष्टी नशिबावर नसतात, त्या डोळ्यांनी बघून घेता येतात.

पहिली म्हणजे आवृत्ती, जिला स्टेपिंग म्हणतात. क्यू६६००च्या दोन आवृत्त्या बाजारात होत्या: आधीची बी३ आणि नंतरची जी०. बी३ १०५ वॉटची, जी० ९५ वॉटची. याहून महत्त्वाचं म्हणजे प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाचं कमाल तापमान इंटेलने बी३साठी ६२.२ अंश दिलं होतं आणि जी०साठी ७१ अंश. एकच नाव, एकच वेग, पण जवळपास नऊ अंशांची जादा मोकळीक. झाकणावर कोरलेला कोड वाचायचा: एसएलएसीआर असेल तर जी०, एसएल९यूएम असेल तर बी३. जुना माल घेताना झाकणावरची (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती) पेस्ट पुसून हा कोड बघायला मागणं यात काही गैर नाही. विक्रेता नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जावं.

दुसरी गोष्ट म्हणजे गुणक. प्रोसेसरचा वेग हा पायाभूत क्लॉक आणि गुणक यांचा गुणाकार. क्यू६६००मध्ये २६६ गुणिले ९. इथे गुणक वर नेता येत नाही, म्हणून पायाभूत क्लॉक वाढवावा लागतो: ३३३ केला की ३.० गिगाहर्ट्झ, ४०० केला की ३.६. पण त्याच क्लॉकवर मदरबोर्डची नॉर्थब्रिज चिप (प्रोसेसरला रॅमशी जोडणारी) आणि रॅमही चालते, तेव्हा प्रोसेसरसोबत तीही ताणली जातात. इथे ९चा गुणक उपयोगी पडतो. पुढच्या ४५ नॅनोमीटरच्या, म्हणजे आणखी बारीक ट्रान्झिस्टरच्या पिढीतला क्यू९३०० कमी तापतो खरा, पण त्याचा गुणक फक्त ७.५. त्याला ३.६पर्यंत न्यायचं तर बोर्डाचा क्लॉक ४८० हवा, आणि क्वाड-कोरसोबत तिथवर जाणारे बोर्ड थोडेच. त्या पिढीतला समतोल प्रोसेसर म्हणजे क्यू९५५०: ८.५चा गुणक, १२ एमबी कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी). आपल्याकडे घरोघरी असलेल्या जी३१ आणि जी४१ बोर्डांवर यातलं काहीही लावलं तरी ३३३च्या फार पुढे जायची अपेक्षा ठेवू नये. अशा बोर्डावर क्यू६६०० ३.० गिगाहर्ट्झला स्थिर झाला तर तिथेच थांबावं.

जानेवारी २०११मध्ये सँडी ब्रिज पिढी आली आणि सगळा खेळच बदलला. इंटेलने क्लॉक तयार करणारा भाग चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य सहायक चिपमध्ये नेला आणि पीसीआय एक्सप्रेस, साटा (ग्राफिक्स कार्ड, डिस्क जोडायच्या वाटा) वगैरे सगळं त्याच १०० मेगाहर्ट्झच्या पायावर बांधलं. तो पाया चार-पाच टक्के हलवला तरी बाकीची मंडळी कुरकुरू लागतात. म्हणजे वेग वाढवायचा तो गुणकानेच, आणि गुणक मोकळा फक्त नावापुढे "के" असलेल्या प्रोसेसरांत. आय५-२५००के, आय७-२६००के. गुणक ४५ केला की ४.५ गिगाहर्ट्झ, इतकं सोपं. चांगल्या एअर कूलरखाली ४.५ हा बऱ्याच २५००केंनी गाठलेला आकडा आहे, आणि मूळ वेग ३.३ होता हे लक्षात घेतलं तर आजही कौतुक वाटावं असा. मात्र बोर्ड पी६७, झेड६८ किंवा झेड७७ हवा. एच६१ बोर्डावर २५००के बसवून "ओव्हरक्लॉकिंग पीसी" म्हणून विकायला ठेवलेला दिसला, तर त्या "के"चे जादा पैसे देऊ नका. तिथे तो गुणक काही कामाचा नाही.

सँडी ब्रिजची आणखी एक खुबी बाहेरून दिसत नाही. सिलिकॉनचा तुकडा आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये त्यात सोल्डर, म्हणजे धातूचा डाख होता. २०१२च्या आय५-३५७०केमध्ये इंटेलने सोल्डर काढून साधी पेस्ट घातली. कागदावर ३५७०के सरस होता: २२ नॅनोमीटर, ९५ऐवजी ७७ वॉट. प्रत्यक्षात ओव्हरक्लॉक केल्यावर त्याच कूलरखाली तो २५००केपेक्षा ठळकपणे जास्त तापायचा. वॉट कमी आणि तापमान जास्त हे कसं काय? कारण तापमान फक्त उष्णतेवर ठरत नाही, ती किती जागेतून आणि कशातून बाहेर पडते यावरही ठरतं. सँडी ब्रिज क्वाड-कोरचा तुकडा २१६ चौरस मिलिमीटरचा होता, आयव्ही ब्रिजचा १६०चा. छोट्या जागेतून उष्णता काढायची आणि मध्ये पेस्टचा थर. त्यात झाकण चिकटवणाऱ्या गोंदामुळे हा थर गरजेपेक्षा जाड राहायचा. लोक ब्लेडने झाकण उघडून पेस्ट बदलू लागले ते यामुळेच. तापमान बरंच उतरतं, हे खरं. पण ब्लेड जरा आत सरकलं की प्रोसेसर गेला, आणि जुन्या बाजारातल्या चिपवर आधीच कोणी हा प्रयोग केलाय का ते झाकणाच्या कडा बघून ताडावं लागतं. २०१४च्या आय७-४७९०केमध्ये इंटेलने पेस्ट सुधारली. पण तो मुळातच ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत स्वतःहून जाणारा, म्हणजे वळणापर्यंत कारखान्यातूनच आणून सोडलेला. वर चढायला जागा थोडी.

एएमडीचा फेनॉम २ एक्स४ ९५५ ब्लॅक एडिशन हाही चांगला पर्याय होता. मोकळा गुणक, २००९मध्ये ३.२ गिगाहर्ट्झ, आणि इंटेलपेक्षा स्वस्त बोर्ड. पण त्याची कमाल तापमान मर्यादा ६२ अंश आहे, आणि आपल्या हवेत ती लवकर गाठली जाते. मे महिन्यात विदर्भात चालवायचा असेल तर मी त्याला हात लावणार नाही. कोकणात, एसीच्या खोलीत, विचार करीन.

अलीकडच्या काळात यायचं तर २०२०चा रायझन ३ ३३००एक्स. चार कोर, आठ थ्रेड, १२० डॉलर किंमत. गुणक मोकळा आहे, पण तो स्वतःच ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि हाताने मिळवण्यासारखं फारसं उरत नाही. आय३-१२१००एफसारख्या इंटेलच्या नव्या क्वाड-कोरमध्ये तर गुणक बंदच. कामासाठी मशीन हवं असेल तर हे नवे प्रोसेसर कुठलाही ओव्हरक्लॉक न करता क्यू६६००ला आणि २५००केलाही सहज मागे टाकतात, हे स्पष्ट सांगतो. जुना क्वाड-कोर घ्यायचा तो हाताने काहीतरी करून बघायची हौस असेल तर, किंवा घरात आधीच पडून असेल तर.

उष्णतेची वाट

सिलिकॉनमध्ये निघालेली उष्णता झाकणात जाते, तिथून पेस्टमधून कूलरच्या तळात, तळातून हीटपाइपने पात्यांत, पात्यांतून हवेत, ती हवा कॅबिनेटमधून खोलीत आणि खोलीतून बाहेर. यातला प्रत्येक टप्पा थोडी अडवणूक करतो, आणि ही अडवणूक "एका वॉटमागे किती अंश" अशी मोजतात.

समजा तुमच्या कूलरची झाकणापासून हवेपर्यंतची अडवणूक वॉटमागे पाव अंश आहे. चांगल्या टॉवर (उंच, उभ्या) कूलरची याहून कमी असते, सोबत मिळणाऱ्या छोट्या कूलरची जास्त. ३.२ गिगाहर्ट्झचे ते १४२ वॉट घ्या: झाकण हवेपेक्षा साधारण ३५ अंश वर. जानेवारीत पुण्यात खोली २२ अंशांवर असेल तर झाकण ५७ला. मजेत. मेमध्ये नागपुरात बाहेर ४५ आणि खोलीत ४० असेल तर झाकण ७५ला, म्हणजे जी० चिपची ७१ची मर्यादा ओलांडली. ३.६चे १९२ वॉट असतील तर ८८. आणि हे खोलीचं तापमान धरून. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा काही अंश गरमच असते. बी३ चिप तर मूळ १०५ वॉटवरच, काहीही न वाढवता, या हिशेबाने ६६ला जाते आणि तिची मर्यादा ६२.२.

म्हणूनच ओव्हरक्लॉक थंडीत ठरवू नये. डिसेंबरात "स्थिर" निघालेली सेटिंग एप्रिलात कोलमडते, आणि लोक रॅमला किंवा विंडोजला दोष देत बसतात.

आता कूलर. हीटपाइप ही तांब्याची बंद नळी. आत अगदी थोडं पाणी, आणि हवा काढून घेतलेली असल्यामुळे ते शंभर अंशांच्या बऱ्याच खाली उकळतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येतं. पंपाशिवाय हे चक्र चालू राहतं. कूलर मास्टरचा हायपर २१२ हा अशा टॉवर कूलरांतला वर्षानुवर्षं टिकून राहिलेला स्वस्त पर्याय. नॉक्टुआचा एनएच-डी१४ मोठा आणि महाग. क्वाड-कोरसाठी यांच्यामधलं काहीही पुरतं.

पाण्याचे बंद कूलर २००९च्या कॉर्सेअर एच५०पासून सर्वांच्या आवाक्यात आले. १२० मिलिमीटरचा एक रेडिएटर असलेला असा कूलर चांगल्या टॉवरच्या साधारण बरोबरीचाच असतो. पाण्याचा फायदा इतकाच की उष्णता कॅबिनेटच्या कडेला नेऊन सोडता येते, आणि पाणी तापायला वेळ लागतो. हा दुसरा फायदा चाचणीत फसवतो. पहिली दहा मिनिटं आकडे सुंदर दिसतात, मग हळूहळू चढत राहतात. पंप बंद पडण्याची एक जादा शक्यताही घरात येते. मी क्वाड-कोरसाठी हवेचाच कूलर सुचवतो.

हवा असो की पाणी, दोन्ही कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाहीत. त्यामुळे कोकणातल्या दमट हवेतही त्यांच्यावर दव धरायची भीती नाही. बर्फ, फ्रीजचं पाणी किंवा चिलर जोडण्याचे उद्योग मात्र मुंबई-रत्नागिरीत करू नयेत. पाइपवर पाणी सुटेल आणि बोर्डावर ठिबकेल. विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या हवेमुळे डेझर्ट कूलर खोलीचं तापमान खरोखर उतरवतो, आणि त्याचा थेट फायदा प्रोसेसरला होतो; फक्त कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका, ओलावा आणि धूळ मिळून पात्यांमध्ये चिखलाचा थर बसतो.

कूलर बसवणं हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. एलजीए७७५ (कोअर २ क्वाडचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) आणि पुढे सँडी ब्रिजच्या ११५५ बोर्डांवरही इंटेलचा सोबत मिळणारा कूलर चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवलं की ती सुटते, म्हणून बसवण्याआधी चारही उलट दिशेला फिरवून घ्यायच्या. मग तिरप्या रेषेत समोरासमोरच्या दोन एकदम दाबायच्या, नंतर उरलेल्या दोन. "खट" असा आवाज आला म्हणजे बसली असं समजू नका. बोर्ड कॅबिनेटमधून काढून मागून बघा: चारही भोकांतून प्लॅस्टिकच्या पाकळ्या पूर्ण बाहेर आलेल्या आणि मधल्या काळ्या खिळ्याने फाकलेल्या दिसल्या पाहिजेत. एक कोपरा जरी अर्धवट राहिला तरी कूलर त्या बाजूने उचललेला राहतो आणि एका कोरचं तापमान बाकीच्यांपेक्षा भलतंच वर दिसतं. जड टॉवर कूलर घेताना मागून धातूची पट्टी आणि स्क्रू असलेलाच घ्यावा. खुंट्यांवर टांगलेलं वजन बोर्ड वाकवतं.

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध, आणि पसरवायचं काम कूलरच्या दाबावर सोडायचं. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंड, ही समजूत उलटी आहे. पेस्ट धातूपेक्षा वाईटच वाहक. तिचं काम फक्त सूक्ष्म खाचांमधली हवा घालवणं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून काढायची.

टॉवर कूलरचा एक तोटा कोणी सांगत नाही. सोबत मिळणारा कूलर हवा खाली बोर्डावर मारतो, त्यामुळे सॉकेटभोवतीच्या मॉस्फेटना, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांना, आपोआप वारा लागतो. टॉवर आडवी हवा मारतो आणि मॉस्फेट उघडे पडतात. स्वस्त बोर्डावर त्यांना हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) नसतो, आणि १९२ वॉट म्हणजे बारा व्होल्टवर १६ अँपिअर, शिवाय रूपांतरातली घट वेगळी. एखादा जुना ८० मिलिमीटरचा फॅन त्यांच्याकडे तोंड करून बांधला तरी बोर्डाचं आयुष्य वाढतं. हाच हिशेब एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला लागू. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉक करू नये, त्यावर ४५० लिहिलेलं असो की ६००.

वळण कसं शोधायचं

आधी मूळ वेगावर, मूळ व्होल्टेजवर कोरचं तापमान बघा (वर झाकणाचं धरलं होतं; कोरचं त्याहून जास्तच असतं). तिथेच ८० दिसत असेल तर पुढे जायचं नाही, कूलर काढून परत बसवायचा. मग व्होल्टेज "ऑटो"वरून काढून हाताने ठरवा. ऑटोवर ठेवलं की बोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो. वेग थोडा वाढवायचा, चाचणी, पुन्हा थोडा. चुका दिसल्या की व्होल्टेज एक पायरी वर.

चाचणीसाठी प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) जुनंच पण चोख. ते प्रत्येक कोरला वेगळं काम देतं, आणि एखादा कोर चुकला की फक्त त्याचं काम थांबतं, बाकीचे चालू राहतात. म्हणजे चौघांतला मंद गडी कोण ते नेमकं कळतं. वारंवार तोच कोर थांबत असेल तर व्होल्टेज हवंय. कधी हा, कधी तो, आणि तापमान चढलेलं असताना, तर थंडावा हवाय. हॅसवेल (४७९०केची पिढी) आणि पुढच्या प्रोसेसरांवर प्राइम९५च्या नव्या आवृत्त्या एव्हीएक्स सूचना (एका दमात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) वापरून इतकी उष्णता काढतात की रोजच्या कामात तेवढी कधीच निघत नाही. तिथला आकडा बघून घाबरायचं कारण नाही, पण पंचाऐंशीच्या वर गेलं तर चाचणी थांबवावी.

तापमानाचे आकडे वाचतानाही तारतम्य हवं. कोरमधला सेन्सर खरं तर "कमाल मर्यादेपासून किती दूर" एवढंच सांगतो. ती मर्यादा किती धरायची हे प्रोग्राम ठरवतो, म्हणून कोअर २ क्वाडवर दोन प्रोग्राम एकाच क्षणी पाच-दहा अंशांच्या फरकाने आकडे दाखवतात. मर्यादेजवळ हे सेन्सर भरवशाचे असतात, मशीन निवांत असताना नसतात. ४५ नॅनोमीटरच्या क्वाड-कोरमध्ये तर एखादा सेन्सर एका आकड्यावर अडकून बसणं नेहमीचंच. क्यू६६००मध्ये दोन-दोन कोरचे दोन वेगळे तुकडे एका झाकणाखाली आहेत, त्यामुळे तापमानं जोडी-जोडीने वेगळी दिसली तर कूलर तिरका बसलाय असा निष्कर्ष घाईने काढू नका.

व्होल्टेजबद्दल आणखी एक. काम वाढलं की बोर्ड मुद्दाम व्होल्टेज किंचित उतरवतो. बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) १.३५ ठेवलं आणि चाचणीत १.३० दिसलं तर तो बिघाड नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय ही घट भरून काढते, पण ती पूर्ण ताणली की काम एकदम संपताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्याच्याही वर उडतं. मधली पातळी ठेवावी.

हे करता करता एक टप्पा असा येतो की आधी एका पायरीला शंभर मेगाहर्ट्झ मिळत होते, आता तीन पायऱ्या लागताहेत. वळण ते. तिथून एक पाऊल मागे या आणि तिथेच सेटिंग कायम करा.

आणि उन्हाळ्यापुरता याच ज्ञानाचा उलटा उपयोग करता येतो. वेग मूळचाच ठेवायचा आणि व्होल्टेज पायरी-पायरीने खाली आणायचं, तशीच चाचणी घेत. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जादा व्होल्टेज देऊनच सोडते, त्यामुळे बहुतेकांना काहीतरी उतरता येतंच. उष्णता वर्गाच्या पटीत चढते, तशीच वर्गाच्या पटीत उतरते. क्यू६६०० २.४ गिगाहर्ट्झवरच १.२५ऐवजी १.१५ व्होल्टला स्थिर राहिला तर ९५चे साधारण ८० वॉट होतात, आणि नागपूरच्या त्याच चाळीस अंशांच्या खोलीत, त्याच कूलरखाली, झाकण साठवर थांबतं.